अब्ला दौलतचं वेळापत्रक

३ नोव्हेंबर, गुरुवार

सुटले एकदाची! चार वर्षं औषधाच्या दुकानात उभी राहून टाचांना भेगा पडल्या. हाजी मरझूकने एक स्टूल म्हणून ठेवू दिलं नाही. मुलगी बसली की दुकान बसतं, असं म्हणायचा आणि स्वतःच्याच विनोदावर पोट धरून हसायचा. आज त्याच्या काउंटरवर किल्ल्या आपटल्या आणि दमनहूरहून निघाले. दोन मायक्रोबस बदलून दुपारी समुद्रकाठच्या अगामीला पोचले. निघताना धाकटी बहीण तहानी दमनहूरच्या स्टँडपर्यंत बॅग घेऊन आली होती. एकोणीस वर्षांची झाली तरी रडताना नाक तसंच लाल होतं पोरीचं. आईने जुन्या चीजची बरणी दिलीय, अख्खी बॅग त्या वासाने भरलीय.

इमारत तीन मजली आहे, समुद्रापासून दोन गल्ल्या आत. उन्हाळ्यात कैरोवाल्यांनी गजबजलेली असते म्हणे. आत्ता सगळ्या खिडक्या बंद आहेत. राहतो आम्ही तिघी फक्त, तळमजल्यावर: मी, कौसर आणि अब्ला दौलत. अब्ला म्हणजे थोरली बहीण. सगळ्या मुली तिला तसंच म्हणतात. पन्नाशीची असेल. डोक्यावरचा रुमाल कडक इस्त्रीचा आणि चालताना पावलांचा आवाज नाही. तिने माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि म्हणाली, राणी, आजपासून तुझा वेळ तुझा.

कौसर कफ्र-अल-दव्वारची. सतत खिदळते आणि सतत खोकते. रबाब, तू घोरतेस का, हा तिचा पहिला प्रश्न. घोरत असेन तर बिछाना समुद्रात नेऊन टाकीन म्हणाली. आमचं जमणार.

५ नोव्हेंबर, शनिवार

काम सोपं आहे. कलौंजीचं तेल आणि साबण फेसबुकवर विकायचा, आणि आपल्याखाली नव्या मुली आणायच्या. त्या आणखी आणतील. प्रत्येकीच्या विक्रीतला थोडा वाटा वर चढत जातो. अब्ला म्हणाली, वर जायचं तर पायाखाली माणसं लागतात. मला ते जरा टोचलं, पण हाजी मरझूकच्या पायाखाली मी चार वर्षं होतेच की.

भिंतभर वेळापत्रक आहे. दिवसाचे वीस-वीस मिनिटांचे चौकोन. पितळी घंटा वाजली की चौकोन बदलायचा. फोटो, उत्तरं, जुन्या मैत्रिणींना निरोप, जेवण, पुन्हा उत्तरं. संध्याकाळी पाच-चाळीसला ‘स्वतःशी बोलणं’. त्यासाठी तिने ही वही दिली. ओळखपत्र नोंदणीसाठी तिच्याकडे आहे, फोन टोपलीत, पासवर्ड तिच्या यादीत. ठरल्या वेळेला ती आमच्या वतीने पोस्ट टाकत राहते. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला माझ्या मिनिटांची किंमत वाटतेय.

९ नोव्हेंबर, बुधवार

सात मुली आल्या माझ्याखाली! त्यातल्या दोघी शाळेतल्या. एकीने तर कधी वही उसनी दिली नव्हती मला.

कौसरने आज वेळापत्रकात पेन्सिलीने ‘शिंकणे’ असा चौकोन काढला. मी हसून हसून पडले. अब्ला हसली नाही. तिने तो खोडला, आणि कौसरच्या ओळीतला पुढचा मोकळा चौकोनही भरून टाकला. कौसरचा खोकला वाढलाय. पुढच्या गुरुवारी भावाच्या साखरपुड्याला घरी जायचंय तिला. अब्ला म्हणते, बघू.

१४ नोव्हेंबर, सोमवार

हे दुसऱ्या वहीत लिहितेय. तेलाच्या ऑर्डरींच्या पावतीपुस्तकाच्या मागच्या पानांवर. हे गादीत राहील.

आज फोन मिळाला तेव्हा माझ्या फेसबुकच्या पानावर एक वाक्य होतं: ‘इथला समुद्र कुणीच ऐकत नसल्यासारखा ओरडतो.’ हजारभर लोकांनी बदाम दिलेत. ते वाक्य मी परवा फक्त पहिल्या वहीत लिहिलं होतं.

सरळ विचारलं. अब्ला साबण कापत होती, मान वर केली नाही. म्हणाली, वही टीमची आहे, राणी, आणि तू लिहितेस छान. माझे कान तापले. म्हटलं, ते माझं होतं. ती म्हणाली, मग तर आणखीच छान, खरं असलं की विकलं जातं.

हाजी मरझूक निदान माझे पायच वापरायचा.

मग आठवलं आणखी काय काय लिहिलंय त्या वहीत. तहानीबद्दल पानंच्या पानं आहेत. मी तिला पिस्ता म्हणते ते. तिला घर नकोसं झालंय ते. मी जोर करून बोलावलं तर दुसऱ्या दिवशी येईल ते. सगळं मीच लिहून दिलं या बाईला. मूर्ख! मूर्ख!

१७ नोव्हेंबर, गुरुवार

कालपासून नोव्हेंबरचं वादळ आहे, ज्याला इथे झाडू म्हणतात. पत्रे उडाले.

सकाळी कौसरचा बिछाना आवरलेला होता. अब्ला म्हणाली, पहाटे घरी गेली. पण सपाता इथे आहेत आणि खोकल्याची बाटली उशाशी आहे. साखरपुड्यासाठी शिवलेला निळा झगासुद्धा खुंटीला तसाच.

अकराला तिच्या फेसबुकच्या पानावर तिचं व्हिडिओवर बोलणं सुरू झालं. हसतमुख, चेहरा दुधासारखा उजळ. एकदाही खोकली नाही.

दुपारी तिची आई आली. पावसात, फाटकापाशी, हातात भाकऱ्यांचं गाठोडं. लेक साखरपुड्याला आली नाही म्हणून शोधत आलेली. अब्लाने तिला आत घेतलं नाही. गोड बोलत फोन लावून दिला. म्हातारी बोलली, हूं हूं केलं, फोन परत दिला. मी खिडकीतून हे पाहून पळत बाहेर आले तर मला म्हणाली, आवाज तिचाच आहे गं, पण ती मला ‘ताई’ म्हणाली. ‘ताई, तुमची त्वचा कोरडी आहे का?’ आईला कुणी ताई म्हणतं का?

अब्लाने माझा दंड धरून मला आत नेलं. घंटा वाजली होती.

२० नोव्हेंबर, रविवार

पहारेकरी अम्म बशंदी जिना झाडतो. अम्म म्हणजे काका. आज त्याने हळूच विचारलं, तिसऱ्या मजल्यावर रेडिओ कोण लावतं? तीन-चार दिवस दुपारी एक बाई बोलत असते, दमही घेत नाही.

अब्ला बँकेत गेली होती. मी म्हटलं, किल्ली द्या. तो नको नको म्हणाला, म्हातारा आहे, नोकरी जाईल. मी म्हटलं, अम्म बशंदी, तुमच्या मुलीची शपथ. ती घालायला नको होती. त्याने दार उघडलं आणि जिन्यातच थांबला.

खोलीत दिवसाढवळ्या व्हिडिओसाठी लावतात तो गोल दिवा पेटलेला. समोर स्टँडवर फोन. खुर्चीत कौसर.

मी हाक मारली. ती हसत बोलत राहिली. दिव्याकडे बघून. ताई, मीसुद्धा आधी घाबरले होते. ताई, वीस मिनिटं तर द्या स्वतःला. मी दिवा बंद केला, फोन उपडा केला, तरी ती बोलतच राहिली. त्याच लयीत आणि तेच हसू. हात हातात घेतला तर फरशीसारखा गार. मी तिच्या तोंडापुढे तळवा धरला. शब्द येत होते, श्वास येत नव्हता.

दार लोटून खाली आले. भीती वाटली, खोटं कशाला लिहू. पण भीतीच्याही आधी राग आला. भावाच्या साखरपुड्याला जायचं होतं तिला. एवढंच हवं होतं.

२१ नोव्हेंबर, सोमवार

तोंडावर बोलले. चोर म्हटलं, डाकीण म्हटलं, कौसरला सोड म्हटलं, पोलिसांत जाते म्हटलं. अब्लाने सगळं ऐकून घेतलं, मान हलवत, दुकानदार गिऱ्हाइकाचं ऐकतो तसं. मग उठली आणि माझ्या ओळीत तीन ते तीन-वीस असा लाल चौकोन काढला. त्यात लिहिलं: राग.

म्हणाली, किती सुंदर आवाज लागतो तुझा रागात! दिव्यासमोर बोल, सगळं बोल, मलाही शिव्या घाल, मी अडवणार नाही.

मी बोलले. मुद्दामच. लोक ऐकतील, कुणीतरी येईल. तिचं नाव, इमारत, गल्ली, कौसर, सगळं घसा फाटेपर्यंत सांगितलं. अब्ला कोपऱ्यात बसून विणत होती.

२२ नोव्हेंबर, मंगळवार

अम्म बशंदीने त्याच्या फोनवर माझं कालचं बोलणं दाखवलं. चेहरा माझा. मानेवरची ताठलेली शीर माझी. मूठ आपटतेय तीही माझीच. पण शब्द! ‘चार वर्षं मला उभं ठेवलं! एक स्टूल दिलं नाही! बहिणींनो, तुम्ही अजून किती उभ्या राहणार? या माझ्याकडे!’ हे मी बोललेच नव्हते. सहा हजार जणींनी पाहिलं. व्हिडिओखाली प्रतिक्रियांची रांग लागलीय, आम्ही येतो म्हणून.

माझा संतापसुद्धा हिने विकला.

त्याच फोनवरून घरी लावला. तहानीने उचलला. म्हटलं, पिस्ता, मी बोलतेय, नीट ऐक. ती दबक्या आवाजात म्हणाली, कोण तुम्ही? रबाब माझ्याशी दुसऱ्या फोनवर बोलतेय. आत्ता. ती मला सांगतच होती की कुणीतरी जळणारी बाई तिचा आवाज काढून फोन करते.

मी ओरडले, ती मी नव्हे गं, आईला दे. तर म्हणाली, लाज वाटू द्या जरा. आणि ठेवला.

पुन्हा लावला तर नंबर बंद करून टाकलेला.

२३ नोव्हेंबर, बुधवार

अम्म बशंदीला सकाळी काढलं. गाठोडं काखेत मारून गेला. जाताना माझ्याकडे न बघता फाटकाची कडी उघडी ठेवली.

मी पळाले. मुख्य रस्त्यापर्यंत गेले. अनवाणीच. दमनहूरचा मायक्रोबस समोर उभा होता, हाळी देणारा पोऱ्या नव्हता, ड्रायव्हरच ओरडत होता, एक जागा, एक जागा.

पाय उचलला होता. पण कौसर. चौकीवर गेले असते तर आधी ओळखपत्र मागितलं असतं, मग माझं पान बघून हसले असते. आणि ते येईपर्यंत ती खोली रिकामी झाली असती. तिच्या आईला मी काय सांगणार? तुझी लेक पाहिली आणि बस पकडली?

परतले. तिला पाठीवर घेईन आणि बाहेर पडेन, असं ठरवलं. एवढीशी तर आहे.

जिना चढले. दार नुसतंच लोटलेलं होतं. तिला उचललं. हलकी — घड्या घातलेल्या चादरीइतकी हलकी. कानाशी तिचं चालूच, ताई, ताई. दारापर्यंत आले तर दार —

बाहेरून कडी लागली. पावलांचा आवाज नाही.

२४ नोव्हेंबर, गुरुवार

पावतीपुस्तक कमरेला होतं म्हणून लिहितेय.

दिवा विझत नाही. वायर उपटली तरीही.

कौसर आज दुपारी गप्प झाली. वाक्याच्या मध्येच. मी तिचे डोळे मिटले, माझी शाल घातली. कुराणातलं जेवढं येतं तेवढं म्हटलं. मधेच — माझ्या तोंडून साबणाची किंमत आली. मी जीभ चावली. पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. पुन्हा आली.

हरामखोर बाई. कौसरच्या मढ्यावर बसून —

लिहिताना हात माझा आहे. तोंडाचा भरवसा नाही. म्हणून तोंडात शालीचा पदर कोंबलाय.

दाराखालून अब्लाने कागद सरकवला. उद्याची ओळ. सकाळी दहा ते दहा-वीस: ‘स्वागत’.

कुणाचं?

२५ नोव्हेंबर, शुक्रवार

खिडकीची फळी नखांनी उचकटली. बोटं रक्ताळली, पण वीतभर फट झालीय. फाटक दिसतं. गल्ली दिसते. ऊन पडलंय, लख्ख.

मायक्रोबस थांबला.

ती आहे. तहानी. माझा जुना कोट घालून आलीय, केस विंचरलेत, शहाण्यासारखी. अब्ला दोन्ही हात पसरून —

पदर काढला तोंडातला. ओरडले, पळ. घसा फुटेस्तोवर ओरडले, पळ तहानी, आत येऊ नको, मी मेले तरी चालेल, तू पळ —

तिने वर पाहिलं. हसली.

मी काय बोलले? मला पळ असंच ऐकू आलं. मग ती हसतेय का — हात का हलवतेय —

पुन्हा ओरडते. जा! जा! मर, पण जा!

ती खालून ओरडून सांगतेय, आले गं, आले, किती घाई करशील —

हे पान फाडून खाली टाकते. कागदावर तरी माझेच शब्द आहेत. तहानी, वर येऊ नको. ताई, वर या ना — नाही. नाही! हे मी लिहिलं नाही. तहानी, वर ये—