तुमच्या गाडीचा पुढचा बंपर

उस्ताद, तुम्ही गेलात तेव्हा मी मय्यतीला आलो होतो, खांदाही दिला, पण डोळ्यांत पाणी आलं नाही. ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे गैरसमज नको. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, म्हणून इतकी वर्षं गप्प बसलो. पांढरकवड्यात कुणी जुनी अ‍ॅम्बेसेडर घेऊन आला की अजून तुमचंच नाव निघतं, आणि तुमच्या हाताखाली शिकलेला म्हणून मी मान डोलावतो. आता ती मान दुखायला लागली आहे.

घाटंजीच्या डॉक्टरांची पांढरी गाडी तुम्ही विसरला नसाल. तिचा पुढचा बंपर गंजून पार चाळणी झाला होता. तुमच्याकडे असल्या दुखण्याला एकच औषध होतं. बंपर घासायचा, खड्डे भरायचे, पुन्हा घासायचा, आणि बाळंतिणीला नेल्यासारखा वाकळीत गुंडाळून नागपूरला क्रोम चढवायला न्यायचा. तिथला माणूस खाली तांब्याचा थर देताना हात आखडायचा, आणि दुसऱ्या पावसाळ्यात बंपरवर पुन्हा पुरळ उठायचं. मी त्या दिवसांत हायवेवरच्या एका वेल्डरकडून स्टेनलेस स्टील जोडायला शिकलो होतो. तो ढाब्यांसाठी काउंटर बनवायचा. तुम्ही हैदराबादला नातलगांच्या लग्नाला गेलात, तेवढ्यात मी डॉक्टरांना विचारून त्यांच्यासाठी स्टीलचा अख्खा बंपर बनवला. पत्र्याला तो गोल बाक देताना हातांची सालं निघाली. डावीकडचं बोल्टचं भोक जरा सरकलं, म्हणून ते भरून शेजारी दुसरं पाडलं; ती खूण बंपरवरच्या उभ्या गार्डमागे झाकली गेली. बाकी बंपर असा उतरला होता की माझी मलाच नजर लागेल असं वाटलं.

तुम्ही आलात, बंपर उचललात, उलटा करून पाहिलात आणि डॉक्टरांच्या पुढ्यात रस्त्यावर आपटलात. "हे ढाब्याचं काउंटर हाये," तुम्ही म्हणालात. "याच्यावर चहा ठेव. गाडीले लावू नको." डॉक्टर हसले, मग आपले सगळे कारागीर हसले. तुमच्या शिव्यांचं मला काही नव्हतं, त्या रोजच्या भाकरीसारख्या होत्या. पण गिऱ्हाइकासमोर कारागिराचं काम असं फेकत नाहीत, हे तुम्हीच आम्हाला शिकवलं होतं. नंतर बंपर कुठे आहे म्हणून विचारलं, तर भंगारवाल्याला दिला म्हणालात. तुमच्याकडे होतो तोवर मी पुन्हा स्टीलला हात लावला नाही.

पुढे तुमच्या स्वतःच्या गाडीला चकाकता बंपर आला. नागपूरहून नवा क्रोम चढवून आणला, असं तुम्ही सांगितलंत. ती गाडी दुकानाच्या तोंडाशीच उभी असायची आणि गिऱ्हाइकाला आधी तिच्याकडे न्यायचं, ही तुमची रीत. "पाह्य, याले क्रोम म्हणतेत. इतके पावसाळे खाल्ले, एक डाग नाही." मलाही शेजारी उभं करून ऐकवायचात. क्रोमची झाक निळसर आणि स्टीलची पिवळट, हे मला रस्त्याच्या पलीकडून कळायचं. पण उस्तादाच्या गाडीकडे शागीर्द संशयानं पाहत नाही, आणि हे तुम्ही पक्कं ओळखून होता.

यंदा तुमच्या लेकीनं ती गाडी माझ्या शेडमध्ये आणून सोडली. तिच्या मुलाचा निकाह ठरलाय. नवरदेव नानांच्या, म्हणजे तुमच्या, गाडीतून गेला पाहिजे, असा तिचा हट्ट. गाडीचे हाल झाले होते. खालचा पत्रा कुजलेला, मागच्या बंपरचे पापुद्रे निघत होते. पुढचा बंपर मात्र ओल्या फडक्यानं पुसला आणि लखलखला. मी गार्ड सोडवतो, मागे बोट फिरवतो, आणि बोटाला ते भरलेलं भोक लागतं. शेजारी दुसरं. पोऱ्या चहा ठेवून गेला, त्यावर साय आली. मग तुम्हाला अशा शिव्या घातल्या की त्या इथे लिहीत नाही, तुमच्याकडूनच शिकलेल्या आहेत.

तुमच्या लेकीला मी खरं सांगितलं. हा स्टीलचा आहे, माझ्या हातचा आहे. चुंबक लावून दाखवलं; लोखंडाला ते चिकटलं असतं, इथे खाली पडलं. ती शांतपणे म्हणाली, "अब्बानं जिंदगीत स्टीलले हात लावला नाही. मानूस गेल्यावर कोनीही काहीही म्हनते, भाऊ." वर सांगून गेली की पुढचा बंपर जरा पिवळा पडलाय, मागच्याबरोबर त्यालाही क्रोम चढवून आणा, अब्बा आणायचे तसा.

म्हणजे माझं आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम मीच तेजाबात बुडवायला न्यायचं. नाही नेलं. भंगारातून लोखंडाचा जुना बंपर शोधला आणि तुमच्याच पद्धतीनं घासला, भरला, पुन्हा घासला. तो आणि मागचा, असे दोन्ही बंपर वाकळीत गुंडाळून नागपूरला नेले आणि तांब्याचा थर जाड बसेपर्यंत त्या माणसाच्या उरावर बसून राहिलो. पुढचा तुमचा म्हणून गाडीला लावला. स्टीलचा माझ्याकडे ठेवला. तो माझाच होता, चोरी म्हणायची तर ती तुम्ही केलेली. निकाहाच्या सकाळी तुमची लेक त्या बंपरवरून हात फिरवत म्हणाली, "अब्बाचाच हात हाये हा." तुम्ही माझं काम तुमचं म्हणून खपवलंत, मीही माझं काम तुमचं म्हणून खपवलं, आणि दोन्ही वेळा नाव तुमचंच झालं. मेल्यावरही तुमची भूक भागत नाही, उस्ताद.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, तुमच्या लेकीला तर नाहीच. तिच्या हाती पडलंच, तर तिनं शेवटचं एवढं वाचू नये. गाडी निघाली, वळणावर ऊन पडलं आणि पुढचा बंपर निळसर चमकला. मी हायवेच्या कडेला उभा होतो. त्या गाडीला क्रोमच शोभत होतं.