चर्चकडे जाणारी वाट आणि तिचे कुलूप

मी, विल्फ्रेड जोसेफ टकवेल, वय एक्क्याऐंशी, धंदा गवती छपरे शाकारणे, राहणार नेदर कॅडबोर्न, डॉर्सेट, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्या सांगण्याविना हे लिहून ठेवतो. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे.

१. घर व बाग माझी पुतणी हेस्टर हिला. छपराचा उत्तरेकडचा उतार दोन हिवाळ्यांत शाकारावा लागेल. पोरी, पत्रा घातलास तर असेन तिथून खाली येईन.

२. शिडी, कोयता आणि पेंढा ठोकायची थापी तिलाच. बाईने छपरावर चढू नये म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या डोक्यावर आज तिनेच शाकारलेले छप्पर आहे.

३. बागेतून चर्चकडे जाणारी वाट. ती आमची, गाव आमच्या खुशीने चालते. चालून चालून गावाचा तिच्यावर हक्क होऊ नये म्हणून वडील वर्षातून एक दिवस, फेब्रुवारीच्या पहिल्या मंगळवारी, फाटकाला कुलूप लावत. मीही लावत आलो. १९५१ साली नेमक्या त्याच दिवशी वाटेपलीकडे राहणाऱ्या अँब्रोज पॉकॉकच्या बायकोला कळा आल्या. दाई फाटकापर्यंत आली, कुलूप पाहून मैलभर वळशाने गेली. तोवर मुलगी अँब्रोजच्याच हातात जन्मली होती. मायलेकी सुखरूप, पण छत्तीस वर्षे तो माझ्याशी बोलला नाही. नियम म्हणजे नियम, असे मी म्हणत राहिलो. चूक माझी होती.

यंदा त्या मंगळवारी मी अंथरुणात, हेस्टर परगावी. खिडकीखाली साखळी वाजली. पाहतो तर अँब्रोज माझेच कुलूप लावतोय. काय चाललंय, विचारले.

“तारीख विसरलास, विल्या. वाट तुमची आहे, तुमचा हक्क बुडायला नको. उद्या येऊन काढतो.” मग काठी सावरत म्हणाला, “मला मात्र वळसा पडला बघ, म्हाताऱ्या.”

आणि गारठ्यात तो मैलभर चालत गेला.

सबब ही वाट आजपासून गावाची, कायमची. वकिलाने केलेला तसा कागद सोबत जोडला आहे. उद्या घर कोणीही घेवो, फाटक बंद करायचे नाही.

४. कुलूप किल्लीसह अँब्रोजला.

ज्याला काही मिळते त्याने साक्ष घालू नये असा कायदा आहे, म्हणून खाली त्याची सही नाही. तो बाहेर फाटक उघडे धरून उभा आहे. साक्षीदारांना घरी तिथूनच जायचे आहे.

सही: वि. जो. टकवेल

आम्हां दोघांसमोर सही केली:
युनिस लार्कम, टपाल कचेरी
सायलस ब्रँट, चर्चचा घंटावाला

नेदर कॅडबोर्न, १४ मे १९८७