वडीगोद्री ते अंबड, जोडीने

॥ श्री ॥
आष्टी, ता. परतूर
२ डिसेंबर १९७४

ती. अक्कांच्या पायांवर धाकट्या जावेचा, बेबीनंदाचा, डोकं टेकवून नमस्कार. वि. वि.

आम्ही उभयता बरे आहोत. साहेबरावदादांचा गुडघा थंडीत धरतो का, ते कळवावे. इकडे ज्वारी चांगली निसवली आहे.

एक नवल सांगते. अंबडच्या एका शिक्षण संस्थेला पंचवीस वर्षं होतात म्हणून ५ जानेवारीच्या रविवारी वडीगोद्री ते अंबड अशी तेरा मैलांची दौड ठेवली आहे, आणि ती फक्त नवरा-बायकोच्या जोड्यांसाठी. चिटणिसांनी डोकं लढवलंय. एकट्या बाईला रस्त्यावर कोण पळू देईल? नवरा संगं असला की कुणाचं तोंड उघडत न्हाई. नियम एकच. तीन तासांच्या आत दोघांनी मिळून फीत ओलांडायची. एकटा आला तर धरायचा नाही, एकटी आली तरी नाही.

खरी गोष्ट पुढेच आहे. त्यांच्या मुलींच्या शाळेत खेळाच्या बाईंची जागा आहे. बाई मॅट्रिक पाहिजे, आणि तिने ही दौड पुरी केलेली पाहिजे. नावं दिलेल्यांत मॅट्रिक मी एकटीच आहे, असं हे स्वतः चौकशी करून आले. म्हणजे पहिला नंबर यायचीही गरज न्हाई, नुसतं वेळेत पोचायचं. ह्यांनाही मंग इथल्यासारखंच तिकडे ड्रिल मास्तर म्हणून घेऊ म्हणतात.

लहानपणी मी मळ्यातून शाळेत दोन कोस पळत जायची. ते पाय अजून आहेत, अक्का. पहाटे आम्ही परतूरच्या रस्त्याला पळून राह्यलो. हे मला दम कसा धरायचा ते शिकवतात आणि मधूनच स्वतःच दम खायला थांबतात, मंग आम्ही दोघं हसतो.

तुमच्या होकारावाचून आम्ही कधी काही केलं नाही. होकार यावा. असाच हात डोक्यावर ठेवावा.

आपली
बेबीनंदा

॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥
जुना जालना
९ डिसेंबर १९७४

सौ. बेबीस गिरिजाबाईचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. ह्यांनाही वाचून दाखवलं, तर हे म्हणाले की सर्जाला लहानपणी दुकानातून गूळ आणायला पाठवलं तरी तो रमतगमत जायचा, तो तेरा मैल काय पळणार! बरीच करमणूक झाली.

मी नको म्हणत नाही. पाच वर्षांत देवाने तुझ्या पोटी काही घातलं नाही, निदान पायात तरी घातलं, हेही नसे थोडके. माणसाने मिळेल त्यात समाधान मानावं. फक्त पातळाचा काष्टा घट्ट मार, डोक्यावरचा पदर पिनेने टोच. बाहेरचं काही विकत खाऊ नका, दशम्या करून न्या. दुधातल्या दशम्या दोन दिवस टिकतात.

तुम्हा दोघांसाठी देवाचा भंडारा सर्जाच्या पाकिटात वेगळा धाडला आहे. पळण्याआधी कपाळाला लाव. ठेच लागली तर देवाचं नाव घे, माझं घेतलंस तरी चालेल.

माझा लोभ तुला ठाऊक आहे. तो फुकट जाऊ देऊ नकोस.

गिरिजाबाई

॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥
जुना जालना
९ डिसेंबर १९७४

चि. सर्जास वहिनीचे पोटभर आशीर्वाद.

हे पत्र मुद्दाम शाळेच्या पत्त्यावर टाकते. कार्डावर भागलं असतं, पण कार्डात भंडारा राहत नाही. पुडी जपून उघड, अंगावर सांडेल.

तू आठ वर्षांचा होतास तेव्हा सासूबाई गेल्या. त्याच महिन्यात मला ट्रेनिंग कॉलेजचं पत्र आलं होतं. ज्या दिवशी निघायचं, त्या दिवशी तुला गोवर निघाला. मी ते पत्र चुलीत घातलं आणि तुझ्या अंगाला कडुलिंब फिरवत बसले. हे मी कधी बोलले नाही, आजही बोलत नाही, ओघात आलं म्हणून लिहिलं.

तुला ठाऊक आहे, आपल्या घरची बाई नवऱ्याच्या पुढे पाऊल टाकत नाही. तुझे दादा बाजारात निघाले की मी तीन पावलं मागे. ते थांबले की मी थांबते. वीस वर्षांत एकदाही चुकले नाही. लोक म्हणतात, साहेबरावाच्या घरात लक्ष्मी आहे. ती अशीच येते का?

आता तेरा मैलांच्या रस्त्यावर हजार लोक बघणार. ती हलकी, तू अंगाने भरलेला. ती पुढे आणि ड्रिल मास्तर मागे धापा टाकत, हे कसं दिसेल, तूच सांग. बायकोच्या मागे पळणाऱ्याला पोरं पुन्हा सावधान-विश्राम करतील का?

पळू नको म्हणत नाही. फक्त या भंडाऱ्यावर हात ठेवून शपथ घे, की बेबीचं पाऊल तुझ्या पुढे पडलं तर तू तिच्या मागे धावणार नाहीस. जिथं असशील तिथं बसून घेशील. तिच्यापाशी बोलायची गरज नाही. शपथ सांगितली की तिचं बळ जातं. मी इकडे तुझ्या नावाने पाच रविवार धरले आहेत.

तू माझा शब्द मोडलास असं आजवर झालं नाही. म्हणूनच काळजी नाही.

तुझी आईच म्हण,
वहिनी

॥ श्री ॥
आष्टी
८ जानेवारी १९७५

ती. अक्कांना बेबीनंदाचा नमस्कार. वि. वि.

दौड झाली. कसं घडलं ते तुम्हाला बराबर कळलं पाहिजे म्हणून सविस्तर लिहिते.

शनिवारी दिवस मावळायच्या आत वडीगोद्रीला पोचलो. शाळेच्या खोल्यांत सोय होती. अठरा जोड्या आल्या होत्या. बदनापूरकडच्या एका पुष्पाबाईने पातळावर नवऱ्याची बंडी चढवली होती. तिला बघून आम्ही बायका पोट धरून हसलो. तुमच्या सांगण्याप्रमाणे दशम्या नेल्या होत्या, त्या सगळ्यांना वाटल्या. सकाळी सहाला शिट्टी झाली. त्याआधी ह्यांनी आपल्या हाताने माझ्या कपाळाला भंडारा लावला. माझ्या डोळ्यांत न बघता लावला. मला वाटलं घाईने.

आठ मैलांपर्यंत आम्ही खांद्याला खांदा लावून होतो. खरं सांगायचं तर मला पाय आखडून पळावं लागत होतं, पण सुख वाटत होतं. नवव्या मैलाला ह्यांना धाप लागली. मी आणखी हळू झाले. अकराव्या मैलाच्या दगडापाशी फकरोद्दीन नावाच्या एका म्हाताऱ्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. त्याने पळणाऱ्यांसाठी रांजण भरून ठेवला होता. ह्यांचे ओठ कोरडे पडलेले बघितले म्हणून मी वीस पावलं पुढे धावले, तांब्या भरला, आणि वळले. हे रस्त्याच्या कडेला मांडी घालून बसले होते.

मला वाटलं पाय मुरगळला. तर मान हलवली. छातीत दुखतंय का विचारलं, तर न्हाई. मंग खाली बघत म्हणाले की वहिनीपाशी शपथ घेतलीय, तू पुढे गेलीस, आता उठता येत न्हाई.

तेव्हा पन्नास मिनिटं शिल्लक होती, अक्का. आणि दोनच मैल. चालत गेलो असतो तरी पोचलो असतो.

मी म्हटलं, मी मागे राहते, तुम्ही पुढे व्हा. म्हणाले, पाऊल पडलं ते पडलं. फकरोद्दीनचाचा ह्यांना म्हणाले की मास्तर, बीवी पाण्याला गेल्ती, पळून न्हाई गेल्ती, एवढं तर वरच्यालाही समजत असेल. ह्यांनी मांडी सोडली न्हाई. मी भर रस्त्यात ह्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. मागच्या जोड्या एकेक करून पुढे गेल्या. पुष्पाबाई नवऱ्याचा हात ओढत चालली होती. तिने वळून बघितलं आणि या खेपेला ती हसली न्हाई.

शेवटी मी एकटीच पळाले. का, ते माझं मला ठाऊक न्हाई. जन्मात तशी पळाले नव्हते. पोचले तेव्हा वेळ चिक्कार शिल्लक होता. शाळेच्या मुली दोन्ही बाजूंनी टाळ्या वाजवत होत्या. चिटणिसांनी विचारलं की बाई, मास्तर कुठे? मी फितीच्या अलीकडे उभी राहिले. हात लांब केला असता तर फीत हाताला लागली असती. मुलींच्या टाळ्या आपोआप थांबल्या. मंग तीन तासांची घंटा झाली.

जागा आता वर्तमानपत्रात जाहिरात देऊन भरणार आहेत. मॅट्रिकला कोण विचारतो?

मला एवढंच विचारायचं होतं, की तहानलेल्या नवऱ्याला पाणी आणायचं असेल तर किती पावलं चालतात, ते शपथेत होतं का?

दादांना नमस्कार.

बेबीनंदा

॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥
जुना जालना
१३ जानेवारी १९७५

सौ. बेबीस आशीर्वाद. उद्या संक्रांत. तिळगूळ घ्या.

तुझं पत्र आलं. अक्षर बिघडलं आहे, शांतपणे लिहीत जा.

पाण्याचं म्हणशील, तर त्याने पाणी मागितलं होतं का? न मागता पुढे पळायची तुझी हौस, तिला तांब्याचं नाव कशाला देतेस? आणि नवरा रस्त्यावर बसलेला असताना तू त्याला टाकून फितीपर्यंत गेलीस, हे तूच लिहितेस. मी वाचलं तेव्हा कानांवर हात ठेवले. ही गोष्ट मी इकडे कुणाला सांगितली नाही, फक्त शेजारच्या केशरबाईला, आणि देवळात दोघींना.

सर्जाने मात्र शब्द राखला. मी पाचवा रविवार सोडला, पुरणाचा नैवेद्य केला.

नोकरी गेली म्हणून रडू नकोस. माझीही गेली होती, मी मेले का? उलट माझ्या मनात येतं, की तुम्ही दोघं आता जालन्यालाच यावं. सर्जाला इकडे कुठेही चिकटवता येईल. माझ्याने आता पहाटेचं पाणी, चूल, भाकरी होत नाही. तुझे पाय चांगले आहेत, ते घरात वापर.

गोड बोल. आमची माया तिळाइतकीही कमी झालेली नाही.

गिरिजाबाई

आष्टी
२० फेब्रुवारी १९७५

ती. वहिनीस सर्जेरावचा साष्टांग नमस्कार.

वहिनी, मी कधी तुझ्यापाशी काही मागितलं न्हाई. आज मागतो. ती शपथ सोडव.

बेबी भांडत न्हाई, रुसत न्हाई, नीट बोलते. पण माझ्या पुढे काही म्हणून करत न्हाई. मी उठल्यावाचून उठत न्हाई, म्हणून पाणी तापलेलं नसतं. मी चुलीपाशी गेलो की मागून येते. पाणवठ्यावर एकटी जात न्हाई. मला पुढे चालावं लागतं आणि ती दोन घागरी घेऊन तीन पावलं मागे. मी थांबलो की थांबते. रस्त्यात चप्पल नीट करायला वाकलो तरी मागे उभी. आष्टीचा सगळा बाजार बघतो. बायका तिला नमस्कार करून राह्यल्या, म्हणतात काय सती आहे! आणि माझ्या वर्गातली पोरं माझ्या मागे तीन पावलांवर रांग धरून चालतात आणि मी थांबलो की थांबतात. तीनदा शाळेला उशीर झाला. हेडमास्तरांनी लेखी जाब मागितला.

मी तिला म्हटलं, एकदाचं मार मला. म्हणाली, आधी तुम्ही हात उचला.

तो तांब्या मला रोज दिसतो, वहिनी. तहान लागलीच होती.

तुझा
सर्जा

॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥
जुना जालना
२७ फेब्रुवारी १९७५

सौ. बेबीस,

सर्जाचं पत्र आलं. हा काय तमाशा लावला आहेस? लोकांना दाखवण्यासाठी धरलेल्या व्रताचं पुण्य नसतं.

काल देवळात जाऊन नारळ फोडला आणि सर्जाची शपथ सोडवली. पुजाऱ्यांसमक्ष सोडवली. आता तुला मोकळीक आहे. घरात, पाणवठ्यावर, कुठेही पुढे जा. आधी ऊठ, आधी चूल पेटव. मोठ्या मनाने सांगते, म्हणून ऐक.

अंबडची जागा कुणा पदवीधर बाईने घेतली असं कानावर आलं. ते आता मनातून काढ.

गिरिजाबाई

॥ श्री ॥
आष्टी
४ मार्च १९७५

ती. अक्कांच्या पायांवर बेबीनंदाचं डोकं. वि. वि.

मोकळीक पोचली. नारळाचा खर्चा उगाच केलात.

तुम्ही सोडवली ती ह्यांची शपथ. मी माझी वेगळी घातली आहे. अंबडला फितीच्या अलीकडे उभी होते तेव्हा तुमचा भंडारा घामाने ओघळून ओठांपर्यंत आला होता. तो जिभेला लागला, आणि घंटा होईपर्यंत दुसरं काही करायला नव्हतं, म्हणून मी शपथ घेतली. ह्या जन्मात ह्यांच्या पुढे पाऊल टाकणार न्हाई. ती माझ्यावाचून कुणाला सोडवता येत न्हाई आणि मला ती सोडवायची न्हाई. मी देवाचं खोटं करत न्हाई, अक्का. ते तुम्हीच शिकवलंत.

पहाटे चारला अजून जाग येते. पाय आपोआप हलायला लागतात. मी ते एकावर एक दाबून ठेवते आणि हे उठायची वाट बघते.

ह्यांनी काल राजीनामा दिला. पोरांपुढे उभं राहवत न्हाई म्हणाले. तुमच्या इच्छेप्रमाणे आम्ही कायमचे जालन्याला येत आहोत. सोमवारी दुपारच्या गाडीने. हे पुढे असतील, मी मागे असेन.

तुम्ही तर वयानेही मोठ्या आणि मानानेही. तुमच्या पुढे पाऊल टाकणं तर मोठंच पाप. तेव्हा पहाटे आधी तुम्ही उठा, मंग मी उठेन. आधी तुम्ही पाणी तापवा, आधी तुम्ही चूल पेटवा, आधी तुम्ही भाकरी थापा. मी तीन पावलं मागे उभी असेन. तुम्ही थांबलात की थांबेन. तुम्ही अजून वीस-पंचवीस वर्षं सहज जगाल, देव तुम्हाला तेवढं आयुष्य देवो. मी पाच वर्षांत दिलं न्हाई ते सुख तुम्हाला रोज देईन.

दादांना सांगावे, गुडघा दुखत असेल तर बाजारात हळू चालावे. मागे आता दोघी असतील.

माया आहे तशीच ठेवावी. मी कुठेही जात न्हाई.

आपली आज्ञाधारक
बेबीनंदा