शिक्क्यातली मोकळी जागा

१ मे १९८३, संध्याकाळ

निकाल लागला. दोघं सोडून सगळे पास. दुष्काळात पेढे कोण आणणार? पण शाळा सोडल्याचे दाखले सात गेले. जिल्हा नवा झाला, शिक्का अजून जुनाच. म्हणून मीच ब्लेडनं त्यातलं ‘उस्मानाबाद’ खरवडून टाकलंय. शिक्का मारायचा आणि मोकळ्या जागेत पेनानं ‘लातूर’ लिहायचं.

तिसरीतली सुनीता बापाबरोबर दाखला न्यायला आली. ते पुण्याकडं खडी फोडायला चाललेत. बाप म्हणाला, "गुरुजी, बस जाईल, जरा लवकर करा." सुनीतानं दाखला वाचला आणि शिक्क्यावर बोट ठेवलं. "गुरुजी, हितं मोकळंच हाय की."

मागं रांग होती. पण मी तिथं लिहिलं नाही ते खरंच रांगेमुळं? का पोरीनं सगळ्यांपुढं चूक काढली म्हणून? मोकळी जागा मला दिसत होती. पेन हातातच होतं.

"तसंच असतंय," मी म्हणालो.

तिकडचा मास्तर असला दाखला घेईल का? बस तर केव्हाच गेली.

सुनीतानं लगेच मान डोलावली होती. वर्षभर मी सांगितलेलं सगळं तिनं असंच खरं मानलंय.