नववा भाग, पान एकशे बारापासून

दि. ३ जून

चि. ठकूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा रविवारचा लेख वाचला. सगळं वाचनालय हसलं, मीही हसले, खोटं कशाला बोलू? ‘निळ्या पायऱ्या’ या मालिकेच्या चौदाही भागांत नायकाचे केस ओलेच कसे, त्याच्या दीपगृहात टॉवेल नाही का, असं तू विचारलंस तेव्हा माझ्या नाकात चहा गेला. पण हसून झाल्यावर आमच्या समितीनं ठराव केला की असला बावळटपणा यापुढे कपाटात नको. तीस तारखेला चौदाही भाग कागदाच्या गिरणीत लगद्याला जाणार. ठरावाला तुझा लेख टाचलाय.

बाई गं, एक विचारते. आमच्याकडे एक हेर आहे, तो दर पुस्तकात सहा मुडदे ओलांडून सिगारेट पेटवतो. त्याच्यावर तुम्ही कोणी लेख लिहीत नाही. मग सोळा वर्षांच्या पोरी ज्या पुस्तकाला उशाशी घेतात, त्याच्यावरच सगळे लाठ्या घेऊन का? चूक असेल तर दाखवावी, पण उंदरासाठी घर जाळू नये.

मी सव्वीस वर्षं इथल्या दुरुस्तीच्या खोलीत पुस्तकं शिवते आहे. जुने वाचक पुस्तक संपलं की ठरावीक पानावर पेन्सिलीनं बारीकशी खूण करतात, म्हणजे वाचलेलंच पुन्हा घरी नेलं जात नाही. कुणाची फुली, कुणाचा मासा. या मालिकेत मी सदतीस जणांच्या खुणा मोजल्या. मासा आमच्या अध्यक्षांचा आहे, आणि तो थेट तेराव्या भागापर्यंत पोहत गेलाय! तुझ्या ताईची खूण आठव्यापर्यंत आहे. नववा तुम्ही नेला होता, आणि त्याच आठवड्यात पोर गेली. त्याला आता अकरा वर्षं होतील.

त्या नवव्यातच एक विचित्र प्रकार दिसतोय. कणा सुटला म्हणून तो मी दुरुस्तीला घेतला. मागच्या पानांवर समासात कोणीतरी प्रश्नचिन्हं काढलीत. मी खोडरबरानं सगळी पुसली. सकाळी पाहते तो पुन्हा तिथंच. तुझी थट्टा वाचून कोणाला चेव आला की काय?

दादाला औषधं वेळेवर घ्यायला सांग. लोभ आहेच, फक्त जिभेला धार लावून ठेवू नकोस.

तुझी आत्या

---

दि. ९ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र म्हणजे आशीर्वादाच्या कागदात गुंडाळलेला धपाटा. खाल्ला. पण मी तरी काय करू? नायिका दर दहा पानांनी घेरी येऊन पडते. इतक्या वेळा पडणाऱ्या मुलीला डॉक्टरकडे न्यायचं की चांदण्यात बसवायचं? वाईटाला वाईट म्हणणं हेच माझं काम. मी तेरा वर्षांची असल्यापासून हे करते आहे, आणि लोक त्याला हसतात. समितीनं पुस्तकं लगद्याला घालावीत असं मी कुठेही लिहिलं नव्हतं.

प्रश्नचिन्हांचं म्हणशील, तर कोणीतरी वात्रट वाचक असेल. कपाटाला कुलूप घाल म्हणजे भूत उतरेल.

फक्त दोन गोष्टी कळव. ती चिन्हं कोणत्या पानापासून सुरू होतात? आणि त्यांच्या खाली टिंब आहे की बारीकसं वर्तुळ? उगीच विचारते आहे. लगेच कळव.

बाबांचं ठीक आहे. औषध घेताना तुझ्या नावानं बोटं मोडतात, पण घेतात. माया आहे तेवढी राहू दे.

तुझी ठकू

---

दि. १४ जून

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

वर्तुळ आहे. आणि पान एकशे बारा. त्याच्या आधीच्या एकाही पानावर काही नाही.

कुलूप घातलं होतं, किल्ली माझ्या कमरेला. तरी चिन्हं आली. मग मी नववा भाग दाबयंत्रात ठेवला आणि स्क्रू पिळून पिळून घट्ट केला. त्यातून दोरासुद्धा निघत नाही. सकाळी स्वतः सैल करून पाहिलं. एकशे बारापासून शेवटपर्यंत प्रत्येक पानावर एकेक. सुरुवातीची फिकट आहेत, मग दाबून दाबून काढलेली. शेवटच्या पानावरचं इतकं दाबलंय की कागद फाटला. माझं स्टूल नेहमी भिंतीशी असतं, ते दाबयंत्रासमोर होतं. आणि खोलीत खळीचा वास असायचा तिथे छातीला चोळायच्या मलमाचा वास. तो वास मला ठाऊक आहे. ताईच्या शेवटच्या आठवड्यात मीच चोळत होते.

मला भीती वाटत नाही असं लिहिणार होते, पण वाटते. दुपारीसुद्धा मी आता त्या खोलीत दार लावून बसत नाही. पण भीतीपेक्षा जास्त जीव तुटतो. कोणीतरी काहीतरी विचारतंय आणि मला उत्तर येत नाही. तीस तारखेला पुस्तक गेलं की विचारायलाही जागा उरणार नाही.

वर्तुळाचं तुला पत्र लिहितानाच कसं सुचलं? ठकू, तू लहानपणापासून काही लपवलंस की प्रश्न दोन विचारतेस. काय झालं होतं ते सांग. मी रागावणार नाही, आणि रागावले तरी तुझीच आहे.

तुझी आत्या

---

दि. १८ जून

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार.

ताई प्रश्नचिन्हाखाली वर्तुळ काढायची. शाळेत त्यावरून बोलणी खायची.

तापात तिच्या डोळ्यांना उजेड सोसत नव्हता. नववा भाग मी वाचून दाखवावा असं तिनं विनवलं. मी तेव्हाही त्या पुस्तकांची टर उडवायचे. मैत्रिणींसमोर तिची नक्कल करून दाखवायचे, म्हणून ताई ती पुस्तकं चादरीखाली लपवून वाचू लागली होती. तरी त्या दिवशी वाचायला बसले. एकशे अकरा पानं नीट वाचली. मग कंटाळा आला, बाहेर सगळ्या जणी खेळत होत्या. पुस्तक समोर धरून मी मनाचंच सांगितलं. वादळात त्याची होडी बुडाली, ती पायऱ्यांवर बसून राहिली, मालिका संपली. मला वाटलं, काय झकास टिंगल केली.

ताईनं विचारलं की खरंच असंच लिहिलंय का. मी हो म्हटलं. तिनं दुसऱ्यांदा विचारलं. मी चिडून पुस्तक मिटलं आणि खेळायला गेले. मी परत आले तेव्हा तिचं तोंड भिंतीकडे होतं. चौथ्या दिवशी ती गेली.

आत्या, माझी पहिली टीका ती. पुढे मी त्यावरच नाव कमावलं. त्या पुस्तकांवर मी इतकी तुटून का पडते, हे कोणी विचारलं तर मी भाषेचा दर्जा वगैरे सांगत आले.

काल मी दुसरा लेख पाठवला. लिहिलंय की ही पुस्तकं थोर नाहीत, पण त्यांत परत येईन म्हणणारा माणूस परत येतो, आणि आजारी मुलीला तेवढं हवं असतं, त्यात हसण्यासारखं काय आहे. संपादकांनी फोन करून तब्येत विचारली. वाचक पोट धरून हसतील असं म्हणाले. हसोत. येत्या गुरुवारी मी येते. तोवर त्या पुस्तकाला कोणाचा हात लागू देऊ नकोस.

तुझी ठकू

---

दि. २० जून

चि. ठकूस,
आशीर्वाद.

रागावले. जेवणही गेलं नाही. मग आठवलं की तू तेरा वर्षांची होतीस, आणि राग कुठे ठेवावा ते कळेना.

तुझा लेख इथे पोचला. लोक हसले, पण दोघी-तिघी जणी दुरुस्तीच्या खोलीत येऊन मालिका कुठे ठेवलीय ते हळूच विचारून गेल्या. मी अध्यक्षांना बोलावून त्यांचा मासा दाखवला. फार वेळ ते चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, ठराव पुढच्या वर्षी बघू, आणि चौदावा भाग कोणी नेलाय का.

गुरुवारी दुपारी ये. मी बाहेर वाचकांच्या दालनात बसेन. हाक मारलीस तर येईन, नाही मारलीस तर येणार नाही. एकही ओळ गाळू नकोस. चांदण्यातल्यासुद्धा.

तुझी आत्या

---

दि. २८ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

त्या दिवशी तुझ्याशी एक अक्षर न बोलता गाडी गाठली. क्षमा कर. तोंडानं सांगता आलं नसतं.

तू दार ओढून घेतलंस आणि मी एकशे बारावं पान उघडलं. आधी माझा आवाज नेहमीसारखा तिरका निघाला, तोच ओठांत टिंगल. सात-आठ पानं झाली आणि मलमाचा वास आला. मग उजव्या खांद्यामागे श्वास. ऐकण्यात रंगली की ताईचा श्वास मध्येच किंचित अडकायचा, तसाच. मी मान वळवली नाही. धीर नव्हता म्हण, किंवा वळले तर वाचन थांबेल म्हणून.

वादळाच्या पानावर तो श्वास पार थांबला. मी ओळीवर बोट ठेवून वाचलं. होडी येते. तो पायऱ्या चढून वर येतो. केस ओले असतात. आत्या, वादळातून आलेल्या माणसाचे केस ओलेच असणार. एवढं मला इतक्या वर्षांत कळलं नाही. माझ्या कानाशी कोणीतरी नाकातून हसलं, अगदी हलकं, आणि श्वास पुन्हा चालू झाला. शेवटचं पान वाचताना मी रडत होते, पण शब्द गाळला नाही.

मग मी घाईघाईनं सांगितलं की ताई, गोष्ट संपलेली नाही, तेही मी खोटंच बोलले होते, पुढे अजून पाच भाग आहेत. दहावा उघडला. पहिलं पान वाचलं. दुसरं वाचलं. खोलीत नुसता खळीचा वास होता. मी तिसरं पान वाचलं, हाक मारली, थांबून ऐकलं. माझ्याशिवाय तिथे कोणी नव्हतं. तिला फक्त तो परत आला की नाही एवढंच हवं होतं. त्यासाठी अकरा वर्षं थांबली, आणि उत्तर मिळाल्यावर माझ्यासाठी घटकाभरही थांबली नाही.

ते पाचही भाग मी पिशवीत घालून आणलेत, माझ्या नावावर लिहून ठेव. रोज दुपारी तिच्या खोलीत बसून मोठ्यानं वाचते. अकरावा आज संपला. दार मी उघडंच ठेवते, पण अजून कोणी आलेलं नाही.

तुझी माया असू दे, आता तीच लागेल.

तुझी ठकू