मागच्या सीटवरचं पोतं

१२ नोव्हेंबर, रविवार सकाळ

लाडक्या ताईस,

तुझं पत्र आणि आईने पाठवलेलं पोटाचं औषध, दोन्ही पोचलं. औषध खोलीमालकाला देऊन टाकलं, त्याला जास्त गरज आहे. बाबांना सांग, कॉलेज अर्धवट सोडलं म्हणून मी उपाशी मरत नाहीये. उलट आता दोन्ही वेळा पोटभर जेवतो. नव्या खोलीत सकाळचं ऊन थेट अंथरुणावर येतं, आणि कारखान्यात मला माझी स्वतःची हत्यारांची पेटी मिळालीय.

आणि ती? विचारशीलच तू. आमच्या कारखान्यात विमानांच्या पंखांचं कापड शिवते, ती. अजून मला 'भडक्या'च म्हणते. पण परवा डबा खाताना स्वतःहून शेजारी येऊन बसली. हसू नकोस.

आता खरं लिहितो. पोट बिघडलं म्हणून पोरगं वाचलं, असं आई सगळ्यांना सांगत सुटलीय ना? ताई, माझं पोट त्या दिवशी ठणठणीत होतं.

आमच्या कारखान्यात रीत आहे. छोट्या विमानाचे पंख ज्याने जोडले, त्यानेच पहिल्या उड्डाणाला चालवणाऱ्याच्या मागे बसायचं. म्हणून इथे कुणी वरवरचं काम करत नाही. चालवायचे काका. नात्याने कुणाचेच नव्हेत, म्हणून सगळ्यांचे काका. त्या सकाळी मी तिला मनातलं सांगून टाकलं होतं. ती म्हणाली, "आधी डोकं थंड कर, मग बोल." झालं! डोकं आणखीच तापलं. मैदानावर पाना आपटला, हेल्मेट आपटलं, काकांनाही उलटून बोललो.

त्यांनी मागे वळून पाहिलं. "उतर खाली."

"पंख मी जोडलेत, मीच बसणार."

"बसशील रे. पण असलं तोंड घेऊन माझ्या मागे नाही. जा, तुझ्या वजनाचं वाळूचं पोतं आण आणि बांध. ते निदान गप्प तरी बसतं."

सगळे हसले. मी पोतं आणलं, रागारागात पट्टा आवळला आणि फाटकाकडे चालू लागलो. फाटकापाशी पोचलो तेव्हा वर काहीतरी कडाडलं. पाहिलं तर एक पंख दुमडला होता. मी धावत पोचेपर्यंत काका गेले होते.

चौकशीला कारखान्याचे साहेब आले. "पंख जोडणारा मागे का नव्हता?" मी म्हणालो, पोट बिघडलं होतं. मैदानावरच्यांनी खरं पाहिलं होतं, पण माझी कीव येऊन कुणी ते सांगितलं नाही. तेच तुम्हालाही कळवलं. कारण मला एकच धास्ती होती. रागात तो पट्टा मी नीट आवळला होता का? पोतं सरकून तोल गेला असेल, तर काकांना मीच मारलं. अठरा दिवस हेच डोक्यात. घास उतरेना. शेवटी तिलाच सांगितलं. वाटलं, आता ही तोंडही बघणार नाही. तिने शिलाई मशीन बंद केलं आणि उठली.

"चल."

"कुठे?"

"साहेबांकडे. तिथे भडकला नाहीस म्हणजे मिळवलं."

ती बाहेर बाकावर बसून राहिली. मी आत सगळं सांगितलं. साहेब आधी ओरडले, मग लिहून घेतलं, सही घेतली. नंतर तेच म्हणाले, पंखाच्या सांगाड्यातली नळी आतून तडकलेली होती, नवी आली तेव्हापासूनच. बाहेरून कुणालाच दिसली नसती.

"आणि पोतं?"

"जागच्या जागी. पट्टा कापावा लागला आम्हाला."

ताई, मी त्यांच्या टेबलावर डोकं टेकून रडलो. साहेबांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला.

काल काकूंकडे गेलो. त्यांनाही काही लपवलं नाही. म्हटलं, काका शेवटचं माझ्याशी बोलले, आणि मी फुरंगटून निघून गेलो. त्या म्हणाल्या, "ठाऊक आहे मला. तू पोतं आणायला गेलास तेव्हा फोन केला होता त्यांनी. म्हणाले, पोराला चारचौघांत बोललो गं, संध्याकाळी जेवायला घेऊन येतो, जरा समजूत काढू."

मग त्यांनी मला जेवायला वाढलं. मी दोनदा मागून घेतलं.

मला बरं वाटतंय, ताई. असं वाटावं की नाही, कळत नाही, पण वाटतंय. आईला खरं तू सांग, बाबांना मी स्वतः लिहीन. मी इथेच राहणार.

तुझा,
काकांनी उतरवलेला भाऊ