सात जणी मध्यरेषेवर

१३ नोव्हेंबर १९८३

लागली! नोकरी लागली! आणि कशामुळे — कबड्डीमुळे!

घणसोलीच्या मॅचला विलासशेठ आले होते. तुर्भ्याला त्यांची पुठ्ठ्याच्या खोक्यांची कंपनी आहे. मॅच संपल्यावर मला बोलावून घेतलं. "लेडीज टीम काढतोय, बेटा. तीनपर्यंत खोकी चिकटवायची, मग प्रॅक्टिस. चारशे पगार. लगेच परमनंट."

बाबा गवंडीकामावरून आले तेव्हा दोनदा विचारलं, "चारशे? खेळायचे?" आई म्हणाली, "कागद दिला का?" आईला वाचता येत नाही, पण कागद सगळ्याचा हवा!

२१ नोव्हेंबर

सात जणी जमलो. कॅप्टन मीना — बोलते कमी, बघते जास्त. गोजरा कोपरखैरण्याची, लहानपणापासून मिठागरावर पाट्या उचललेल्या. तिनं घोटा धरला की संपलं! चढाईला मी. अरविंद सर कोच. खळीनं बोटं एवढी चिकट होतात की प्रॅक्टिसला सगळी माती हातालाच.

खूप मजा. झोपच येत नाही.

१० डिसेंबर

पहिला पगार. पाकिटात दीडशे.

शेठ म्हणाले, "बाकीचे पुढच्या महिन्यात एकदम. आधी एक कप तरी आणा!" हसून म्हणाले. आम्हीही हसलो.

२६ डिसेंबर

जिंकलो!! ठाण्याला, पहिल्याच टुर्नामेंटमध्ये! शेवटच्या चढाईत मी तिघींना मारून आले. तिघींना! मीनानं मला उचललंच. शेठनी सगळ्यांना पेढे आणि स्टीलचा डबा दिला. पेपरवाल्याला सांगत होते, "या माझ्या मुलीच आहेत."

१० जानेवारी १९८४

पुन्हा दीडशे. "वाशीची फायनल मारा, मग बघा."

गोजरा भडकली. "डबा हाय, पन त्यात घालू काय? शेठचं भाषन?"

२३ जानेवारी

फायनलला पोचलो! रविवारी, वाशीलाच. समोर मुंबईच्या एका बँकेची टीम, सगळ्या पक्क्या नोकरीवाल्या.

प्रॅक्टिसनंतर मीनानं आम्हाला गोल बसवलं. काय ठरलं ते इथेही लिहीत नाही. अरविंद सर जवळच मैदानाच्या रेषांवर चुना मारत होते. म्हणाले, "मला आज काही ऐकू येत नाही."

रविवार कधी येतो असं झालंय!

२९ जानेवारी

घरी आल्या आल्या लिहायला बसले.

मैदान गच्च भरलेलं. शेठ पहिल्या रांगेत, प्रमुख पाहुण्यांच्या शेजारी, नवीन सफारीत. पंचांनी शिट्टी मारली. आम्ही आत गेलो आणि मध्यरेषेवर बसलो. साती जणी. मांडी घालून.

मग कोणीतरी ओरडलं, "अरे, यांना काय झालं?"

शेठ हसतच आत आले. अगदी हळू आवाजात म्हणाले, "पोरींनो, घरातली गोष्ट घरात. उठा."

मीना बसूनच बोलली, मोठ्यानं. "शेठ, चारशे बोललात, दीडशे देता. दोन महिने झाले. कागद द्या, उठतो."

"उद्या देतो. माझा शब्द!"

"शब्द खूप झालं," गोजरा म्हणाली. "मी नाय उठनार."

लोक हसले. पण शेठना हसले! तेव्हा मला कळलं, आपण उठायचं नाही.

पंचांनी घड्याळ बघितलं. "पाच मिनिटांत उठला नाहीत तर सामना बँकेला." माझा जीव गेला. तेवढ्यात बँकेची कॅप्टन, वैजयंती, रेषेपाशी आली. "फुकटचा कप आम्हाला नको," म्हणाली, आणि बसली! समोरासमोर! तिच्या मागून तिच्या सगळ्या जणी. चौदा बायका मैदानात बसलेल्या, आणि लोक टाळ्या वाजवतायत! शिट्ट्या!

पाहुण्यांनीच शेठना पेन दिलं. कंपनीच्या कागदावर त्यांनी तिथेच लिहिलं — सात जणी कायम, पगार चारशे, मागचं सगळं दहा तारखेला. पाहुण्यांनी साक्षीला सही केली. मीनानं कागद दोनदा वाचला, घडी करून अरविंद सरांकडे दिला. मग उठलो.

आणि काय खेळलो! असा दम आयुष्यात लागला नव्हता. एका गुणानं हरलो. शेवटची चढाई माझी होती, वैजयंतीनंच पकडलं. मातीतच मला म्हणाली, "काय पळतेस गं तू!"

हरून एवढा आनंद होतो, हे माहीत नव्हतं.

१० फेब्रुवारी

नऊशे! दोन महिन्यांचे राहिलेले पाचशे आणि या महिन्याचे चारशे. टाइप केलेलं पत्रसुद्धा! आईनं पत्र उलटंसुलटं करून पाहिलं. "शिक्का कुठाय?" शिक्का दाखवला, तेव्हा हसली.

पत्राबरोबर दुसरा कागद होता. टीम बंद. उद्यापासून सहापर्यंत खोकी. अरविंद सरांना काढलं. आम्ही नोकरी लिहून घेतली, पगार लिहून घेतला. खेळ लिहून घ्यायचं कुणाला सुचलंच नाही.

गोजरा म्हणाली, "जाऊं दे. सहानंतर वाडीत खेळू, सगल्याजनी." सगळ्यांनी हो म्हटलं. मीसुद्धा, सगळ्यांत मोठ्यानं.

१२ फेब्रुवारी

वैजयंती घरी आली होती. त्यांच्या बँकेला चढाई करणारी एक मुलगी हवी आहे. पक्की नोकरी, रोज खेळायचं. जागा एकच.

मी हो म्हटलं. तिचा चहा संपायच्या आत.